बसायला दुसरी जागा द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये आमच्या गावच्या शाळेत दहावी-बारावी पास झालेल्या मुलामुलींचा सत्कार झाला. माझ्या पुतण्याच्या मुलीचे नाव त्यात होते, म्हणून मीही जाऊन बसलो. तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी मनापासून भाषण केले. वाईट संगत सोडा, चांगली संगत धरा, माणूस ज्यांच्यात बसतो तसाच घडतो, एवढेच त्यांनी अर्धा तास निरनिराळ्या दाखल्यांनी सांगितले. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मागच्या ओळीत गावातली सात-आठ मोठी पोट्टी, म्हणजे तरुण पोरे, बसली होती, तीही ऐकत होती. कार्यक्रम आटोपला तेव्हा सहा वाजून गेले होते. पोट्टी फाटकातून बाहेर पडली आणि सरळ पानठेल्यावर जाऊन उभी राहिली.

मी घरी आलो, हातपाय धुतले आणि विचार करत बसलो. त्या वेळी ती दुसरीकडे जाणार तरी कुठे होती? घर दोन खोल्यांचे. त्यात म्हातारी खोकते आहे, लहान पोरांचा टीव्ही सुरू आहे, चुलीचा धूर आहे. वावरात अंधार. मारोतीच्या पारावर म्हातारे. सूर्य बुडाल्यावर आमच्या गावात उजेड असलेली आणि कुणालाही उभे राहू देणारी एकच जागा आहे, ती म्हणजे पानठेला. तेव्हापासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

माझे वय ५८. सात एकर कोरडवाहू शेती, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर. शिक्षण अकरावीपर्यंत. मी जे लिहितो आहे ते माझ्यावरून गेलेले आहे.

माझे बाबा गुरुदेव सेवा मंडळाचे. ते मंडळ स्थापणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि १९६८ साली महाराज गेले तेव्हा ते त्यांच्या आश्रमाच्या गावी, मोझरीला, जाऊन आले होते. दिवेलागणीला आमच्या गावात सामुदायिक प्रार्थना होत असे. सतरंजी टाकायची, सगळ्यांनी ओळीने बसायचे, प्रार्थना झाली की खंजिरीवर दोन भजने, आणि मग गावातल्या गोष्टी. कुणाची विहीर आटली, कुणाच्या पोरीची सोयरिक जुळत नाही, कुणाच्या बैलाला खुरी लागली, हे सगळे त्या सतरंजीवर निघायचे. मी आठ-नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून बाबांच्या शेजारी बसत होतो. माझा आवाज बरा होता आणि खंजिरीही बऱ्यापैकी वाजवायचो.

सतरा वर्षांचा झालो आणि सतरंजी सुटली. कुणी भांडले नाही, कुणी हाकलले नाही. प्रार्थनेत म्हातारे तेवढे उरले होते, आणि माझ्या वयाची पोरे एसटी थांब्याजवळच्या नव्या ठेल्यावर जमू लागली होती. मीही गेलो. आम्ही पाच जण होतो. पुढची पस्तीस वर्षे आम्ही पाच जण त्या ठेल्यासमोर उभे राहिलो. पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत उशिरा का होईना, पण गेलो नाही असा दिवस क्वचितच असेल.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सुपारी बारीक कातरून, त्यात तंबाखू आणि चुना घालून, ते सगळे प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटतात. तो खर्रा. गुटखा पुडीत बंद होऊन कारखान्यातून येतो, खर्रा आपल्या डोळ्यांसमोर ठेलेवाला घोटून देतो. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, तेव्हा आमच्या ठेल्यावर एका माणसाचाही खर्रा सुटला नाही. आणि मुख्य म्हणजे खर्रा एकट्याने खायची चीज नाही. एकाने घ्यायचा, पन्नी उघडायची, आणि सगळ्यांनी चिमूट चिमूट उचलायचा. समोर आलेल्याला खर्रा विचारणे म्हणजे आमच्याकडे पाणी विचारण्यासारखे आहे. माझा पहिला खर्रा मी विकत घेतला नव्हता, दोस्ताने हातावर ठेवला होता. नाही म्हटले असते तर तो रागावला नसता, पण मला परके वाटले असते.

आता २०१७ चे सांगतो. त्या वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. ती बातमी सगळ्या देशाने वाचली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. ऊन मरणाचे, आणि फवाऱ्याचे तुषार सरळ तोंडावर यायचे. कोणते औषध मारायचे हे आम्ही कृषी सहायकाला विचारले नाही. ते ठेल्यावर ठरले. आमच्यातला एक म्हणाला, "दोन्ही औषधं एकात मिसय आन् मार, मंग पाय अळी कशी राह्यते." त्याने स्वतःच्या वावरात तसेच केले होते. मीही केले. बियाणेही आम्ही असेच ठरवायचो. एकाने एक पाकीट आणले की पाचही घरांत तेच.

दुपारी तीनच्या सुमारास डोळ्यांपुढे अंधारी आली, उलट्या सुरू झाल्या, आणि मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडलो. पाठीवर पंप तसाच. शेजारच्या वावरातून ज्याने पाहिले तो आमच्या पाचांतलाच होता. त्याने बाकीच्यांना बोलावले. पांदण रस्त्यात गुडघाभर चिखल, गाडी येणे शक्य नव्हते. दोघांनी मला पाठीवर घेऊन सडकेपर्यंत आणले, मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेले. ज्याने औषधे मिसळायला सांगितले होते तो चार रात्री माझ्या खाटेजवळ जमिनीवर झोपला. सोबत आणलेली भाकर त्याने खाल्ली नाही. पाचव्या दिवशी मी बोलू लागलो तेव्हा तो माझे पाय धरून रडला.

आता मला सांगा, ही माझी वाईट संगत म्हणायची का? त्या चौघांमुळे माझे तोंड बिघडले, त्यांच्या सांगण्याने मी विष मिसळले, आणि त्यांच्याच पाठीवर मी जिवंत परत आलो. सत्कारातले पाहुणे म्हणतात, संगत सोडा. कोणत्या तोंडाने सोडू? आणि मागच्या ओळीतल्या पोट्ट्यांनी तरी का सोडावी? उद्या त्यांच्यातला कुणी धुऱ्यावर पडला तर त्याला उचलायला पाहुणे येणार नाहीत.

तोंडाचे सांगायचे राहिले. २०१९ च्या उन्हाळ्यात मला आंबा चोखता येईना. तिखट लागले की तोंडात निखारा ठेवल्यासारखे व्हायचे. ठेचा सुटला, वांग्याच्या भाजीची तर्री सुटली, वरणात भाकर कुस्करून खाऊ लागलो. नागपूरला दातांच्या डॉक्टरांनी तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली, दोनसुद्धा जाईनात. तोंडाच्या आतली कातडी पांढरी पडून ताठर झाली होती. त्यांनी सांगितले की हे मुळात सुपारीने होते. तंबाखूने कॅन्सर होतो हे मला ठाऊक होते, ठेल्यावर प्रत्येकालाच ठाऊक असते. पण नुसती सुपारीही कॅन्सर करू शकते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. आमच्याकडे शाळेतली लेकरे गोड सुपारीच्या पुड्या खातात आणि आयाच त्यासाठी दोन रुपये देतात, ते याच अज्ञानातून.

तेव्हापासून रोज सकाळी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरतो. पहिल्या दिवशी बारा गेल्या. आज सोळा जातात. कातडी पूर्वीसारखी होणार नाही, आहे तेवढे टिकवायचे असे डॉक्टर म्हणाले. भजनात आता 'आ' लावता येत नाही.

आमच्या पाचांपैकी एक माझे हे दुखणे निघाल्यानंतर दोन वर्षांनी वारला. त्याच्या गालाला गाठ होती, आणि तिला तो दाढेचे दुखणे म्हणत राहिला. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही, त्याची मुले आपला पेपर वाचतात.

खर्रा सोडायचे ठरवणे सोपे होते. सहा वाजले की पाय ठेल्याकडे वळायचे, ते अवघड होते. आठ दिवस मी घरात बसून राहिलो. घरची माणसे बोलून बोलून किती बोलणार? नवव्या दिवशी गेलो. खाणार नाही असे ठरवून गेलो आणि पन्नी समोर आल्यावर खाल्ला. दोन वर्षांत असे मी किती वेळा सोडले आणि धरले याचा हिशेब नाही.

डोळे उघडले ते घरच्यांमुळे. माझी पत्नी बचत गटात आहे. अकरा बाया दर शनिवारी अंगणवाडीच्या ओसरीवर बसतात. सुरुवातीला ती अंगठा द्यायची. सहा महिन्यांनी सही करू लागली, वर्षभराने बँकेच्या साहेबाला व्याजाचा हिशेब विचारून आली. गटातल्या एकीच्या नवऱ्याने तिला मारले तेव्हा बाकीच्या दहा जणी त्याच्या अंगणात जाऊन बसल्या, उठेनात. माझ्या घरातली ही बाई लग्नानंतर वीस वर्षे परक्या माणसासमोर पदर तोंडावर घेऊन बोलत होती. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "आमी अकरा जनी बसतो तं कायतरी ठरते, वहीत लिवल्या जाते. तुमी इतके वर्स बसले, तुमच्या वहीत काय लिवलं हाय?" ठेल्यावर एकच वही असते, उधारीची. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तिला मिळालेल्या दहा बाया गावातल्याच होत्या. धुण्याच्या दगडावर, निंदणीच्या ओळीत त्या आधीही एकमेकींना भेटत होत्याच. बदलली ती बसायची जागा आणि बसण्याचे कारण.

हे मी पोट्ट्यांतही पाहिले आहे. पोलीस भरती निघाली की पहाटे पाच वाजता आमच्या सडकेवर वीस-पंचवीस पोरे आणि सात-आठ पोरी धावताना दिसतात. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे. एक घड्याळ धरून उभा, एक पाण्याची कॅन घेऊन. खर्रा खाल्ला की दम लागतो, वेळ हुकते, म्हणून त्या दिवसांत तेच एकमेकांचे खिसे तपासतात. कुणाच्या बापाला जे जमले नाही ते चार महिन्यांत होते. भरती आटोपते, दोन-तीन लागतात, बाकीचे परत येतात, आणि महिनाभरात संध्याकाळी ठेल्यावर दिसू लागतात. पोरे तीच, दोस्त तेच.

आणखी एक गोष्ट लिहिताना मला लाज वाटते, पण ती खरी आहे. आमच्या गावातल्या बौद्ध विहाराला लागून एक खोली आहे. १९५६ साली नागपूरला जाऊन बाबासाहेबांकडून दीक्षा घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांनी पुढे वर्गणी करून ती बांधली. तिथे रात्री दहापर्यंत दिवा असतो, दोन कपाटे पुस्तके आहेत, आणि मोठी मुले लहानांना गणित शिकवतात. त्या खोलीतून गेल्या पंधरा वर्षांत एक परिचारिका, दोन शिक्षक आणि एक तलाठी निघाले. आमच्या आळीतून कचेरीतला चपराशीसुद्धा नाही. इतकी वर्षे आम्ही म्हणत राहिलो, त्यांच्या मुलांना सवलत आहे. संध्याकाळी सहा ते दहा त्यांची मुले कुठे बसतात आणि आमची कुठे, हे कुणी पाहिले नाही. मी स्वतः त्या खोलीत पहिल्यांदा पाय ठेवला तो वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. घर माझे तीनशे पावलांवर. तिथल्या मुलांनी मला "या काका, बसा" म्हणून खुर्ची दिली.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंड आदिवासींचे गाव आहे. २००९ साली त्या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांत ते आहे. मी तिथे एकदा जाऊन आलो आहे. मला जंगलापेक्षा त्यांचा अभ्यास गट पाहायचा होता. ज्याला ज्या विषयाची गरज असेल त्याने बसायचे, बाहेरचा जाणकार हवा तर बोलवायचा, समजून घ्यायचे. तिथे निर्णय करत नाहीत. निर्णय ग्रामसभेत होतो, तोही बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने. आणि त्यांनी फार पूर्वी, हक्क वगैरे मिळायच्या आधी, मोडलेले घोटूल पुन्हा उभे केले होते. घोटूल म्हणजे तरुण पोरापोरींनी जमायची गावाची जागा. मोठ्यांनी पोरांना नुसता उपदेश केला नाही, त्यांच्यासाठी लाकूड वाहिले.

आमच्या गावात समाजमंदिर आहे. निवडणुकीत, लग्नात आणि गणपतीत उघडते. बाकीचे दिवस कुलूप. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या ओट्यावर संध्याकाळी सतरंजी टाकून बसू लागलो. पहिला महिना एकटाच होतो. सोबतीला बाबांची खंजिरी ठेवायचो. मग चार रात्री माझ्या खाटेजवळ झोपलेला तो दोस्त आला. खिशातला खर्रा काढून त्याने ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला, जाताना परत उचलून घेतला. मी काही बोललो नाही. हळूहळू तो विसरून जाऊ लागला. नंतर आणखी एक आला. चौथा येत नाही, तो अजून ठेल्यावरच असतो, आणि दर दोन-तीन दिवसांनी मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहतो. आता पन्नी समोर आली तर हात जात नाही, कारण परतून बसायला एक जागा आहे हे मनाला माहीत असते.

आता ओट्यावर कधी आठ, कधी बारा माणसे असतात. एक बल्ब आहे, तो माझ्या मीटरवरून. फवारणीच्या दिवसांत आम्ही औषधाच्या डब्यावरचे सगळे मोठ्याने वाचतो, लाल त्रिकोण, पिवळा त्रिकोण, प्रमाण किती, काय कशात मिसळू नये. विहारातल्या खोलीतला एक मुलगा बारीक अक्षर वाचून देतो. पोट्टी अजून फारशी येत नाहीत. म्हाताऱ्यांत पोरे कशाला बसतील, मी तरी कुठे बसलो होतो? त्यांना त्यांची जागा हवी.

म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी अर्ज दिला. समाजमंदिराची मागची खोली रोज संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवावी. एक टेबल, दोन बाक, भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके, एक कॅरम, दोन वर्तमानपत्रे. किल्ली पोरांच्याच हाती, आळीपाळीने, आणि त्यात एक विहाराकडचा मुलगा असावा. राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयाचा कायदा आहे, 'ड' वर्गातल्या लहान ग्रंथालयालाही अनुदान मिळू शकते. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही आणि अठराच्या आतल्या मुलाला तर कुठेच नाही, तेही अर्जात लिहिले. ठेलेवाल्याला मी आधी जाऊन सांगितले. तो माझा शत्रू नाही. त्याच्याच ठेल्यावरून एकदा सर्पदंशाच्या पोरासाठी १०८ ला फोन गेला होता, आणि त्याचेही घर त्या ठेल्यावर चालते. त्याने जागा हलवली तर खोलीशेजारी चहाची गाडी लावायला मी माझ्या घराची कड देईन, असे त्याला म्हणालो. तो "पाहू" म्हणाला. अर्जावरही ग्रामपंचायतीत अजून "पाहू" हेच उत्तर आहे.

सत्काराला येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या वर्षी बोलायला याल तेव्हा सरपंचांना एवढेच विचारा, की या मुलांनी संध्याकाळी सहाला बसायचे कुठे?

आणि आपल्यालाही एक विनंती आहे. आमच्या गावात आपला अंक सकाळच्या एसटीने येतो. सार्वजनिक वाचायचा अंक एकच, आणि एजंट तो पानठेल्यावर टाकतो. गेली कित्येक वर्षे असेच चालत आले आहे. ज्याला पेपर वाचायचा त्याने ठेल्यावर जायचे. हे पत्र छापलेत तर तेही तिथेच वाचले जाईल, आणि वाचणारे मला ओळखतील. त्यांना माझा रामराम. एजंटला सांगून दुसरा एक अंक समाजमंदिराच्या ओट्यावर टाकायची व्यवस्था करावी. वर्षभराचे पैसे मी आगाऊ भरतो. पाऊस असेल तर अंक दाराच्या फटीतून आत सरकवावा, ओटा गळतो.

जय गुरुदेव.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी
ता. आर्णी, जि. यवतमाळ

(दिवंगत मित्राच्या घरच्यांसाठी माझे व गावाचे नाव छापू नये, ही विनंती.)